ब्रिएंत्सला जा, आणि पाच दिवस एकाच तळ्याकाठी राहा

पाचोऱ्याला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वडील वखर, तिफण, बैलगाडीची चाकं घडवायचे. मी दारं, देव्हारे, पलंग करतो. साठी झाली तेव्हा पुण्याच्या लेकीनं विचारलं, “अण्णा, एकदा तरी लांब कुठं जाऊन या. सांगा, कुठं जायचं?” मी म्हणालो, स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठी एक गाव आहे, तिथं लाकूड कोरायची शाळा आहे, ते गाव बघायचंय. तिनं तिकिटं काढून दिली. सप्टेंबरात मी आणि आमच्या सौ., आम्ही दोघं ब्रिएंत्सला पाच रात्री राहून आलो. तेव्हापासून जळगाव, भुसावळ, चाळीसगावचे पाहुणे फोन करून विचारतात की कसं गेलात, काय बघितलं, जेवणाचं काय केलं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट. टूरवाल्यांची बस स्वित्झर्लंडला दोन-तीन दिवस देते. सकाळी बर्फाचा डोंगर, दुपारी चॉकलेटचं दुकान, रात्री दुसऱ्या गावात मुक्काम. त्यात तळं दिसतं ते बसच्या काचेतून. तुम्ही तसं करू नका. एकच गाव धरा, सामान एकदाच उघडा आणि रोज तिथूनच निघून तिथंच परत या. इंटरलाकेन मोठं आहे, हॉटेलं भरपूर आहेत, यश चोप्रांचा पुतळाही आहे. पण गर्दीही तिथंच आहे. ब्रिएंत्स तिथून रेल्वेनं वीसेक मिनिटांवर, वस्ती तीन हजारांच्या आसपास, स्टेशन आणि बोटीचा धक्का अगदी शेजारी-शेजारी. माझं मत ब्रिएंत्सला.

कधी जायचं

आपल्याकडे मुलांना सुट्टी मे महिन्यात, आणि जळगावला तेव्हा ऊन अंगाची लाही करतं, त्यामुळे सगळ्यांना मेमध्येच जायचं असतं. पण मेमध्ये तिथं वरच्या डोंगरांवर अजून बर्फ असतो आणि ब्रिएंत्सची डोंगरावर जाणारी वाफेची गाडी जूनच्या सुरुवातीला चालू होते, ती ऑक्टोबरपर्यंत. जूनचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर हा खरा काळ. शेतकरी माणसाला जूनमध्ये पेरणी सोडून निघता येत नाही, त्याला सप्टेंबर बरा. पोळा झालेला असतो आणि कापसाची वेचणी भरात यायच्या आत घरी येता येतं.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्या माणसाची फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. इथं एक गोष्ट सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. चाळीस वर्षं पॉलिशपेपर घासून माझ्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. मशीन माझा अंगठा घेईना. हात धुऊन, पुसून, चार-पाच वेळा दाबल्यावर कसाबसा घेतला. तुम्ही सुतार, गवंडी किंवा शेतकरी असाल तर आठ-दहा दिवस आधीपासून रात्री बोटांना खोबरेल तेल चोळा, आणि त्या दिवसांत सिमेंट, पॉलिश, फवारणी यांना हात लावू नका.

जाताना खिडकी कोणती धरायची

पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, मुंबईहून झुरिकला थेट विमान. झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, बाहेर टॅक्सी शोधायची गरजच नाही. तिथून लुझर्न, आणि लुझर्नला गाडी बदलून ब्रिएंत्स. लुझर्न ते ब्रिएंत्स दीड तासाच्या आसपास लागतो आणि हा दीड तास म्हणजे निम्मी सहल आहे, त्यामुळे झोपू नका.

ही गाडी मीटरगेजची. ज्यांनी आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, म्हणजे पीजे, पाहिली आहे त्यांना लगेच ओळखीची वाटेल. पीजेचा रूळ अडीच फुटी, हा एक मीटरचा. पण आमची पीजे शेंदुर्णी-पहूरच्या सपाटीवरून जायची आणि ही गाडी ब्रुनिगचा घाट चढते, सुमारे हजार मीटर उंचीवर. चढ आला की दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी लागते आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकून गाडी वर जाते. तेव्हा पायाखाली खर्रर्र असा बारीक कंप जाणवतो.

लुझर्नला बसताना गाडीच्या दिशेनं उजवीकडची खिडकी धरा. आधी सार्नेनचं तळं आणि मग लुंगर्नचं तळं उजवीकडेच येतं. पुढे मायरिंगेनला गाडी थांबते आणि उलट्या दिशेनं निघते. लोक घाबरून उठतात, गाडी परत चालली की काय! उठू नका. तीच खिडकी आता डावीकडची झाली, आणि ब्रिएंत्सचं तळं डावीकडेच येणार आहे. जागेवरून न हलता तिन्ही तळी बघायला मिळतात.

पाण्याचा रंग

ब्रिएंत्सला उतरलं की समोर तळं. सौ. पिशवी खाली ठेवून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, “या पानीमा रंग टाकेल शे का?” कारण तो रंग आपण कुठल्याच पाण्याला पाहिलेला नसतो. गिरणा धरण नाही, तापी नाही. निळ्यात हिरवा कालवलेला, आणि वर थोडं दूध टाकल्यासारखा.

कारण मी सांगतो माझ्या धंद्याच्या भाषेत. वरच्या डोंगरात हिमनद्या आहेत. बर्फाचा तो प्रचंड गोळा खडकावरून हळूहळू सरकतो आणि खडक घासला जातो. त्याची जी पूड निघते ती पिठाहून बारीक. रंधा मारला की ढलप्या पडतात, त्या लगेच खाली बसतात. पण पॉलिशपेपर मारल्यावर जी पूड उडते ती तासभर हवेत तरंगते, खिडकीतून ऊन आलं की दिसते. तसंच हे. आरे नदी ग्रिमसेलच्या बाजूनं ही दगडाची पूड घेऊन येते, ल्युचिने नदी ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेनकडून, आणि ती पूड तळ्यात तरंगत राहते. ऊन तिच्यावर पडलं की हा रंग. तळं 14 किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल जागी 260 मीटर. उन्हाळ्यात बर्फ जास्त वितळतो, पूड जास्त येते, रंग जास्त चढतो. सकाळी दहा-अकराला ऊन चांगलं चढल्यावर बोटीतून बघा. भल्या पहाटे तळं करडंच दिसतं.

पाणी थंड आहे, उन्हाळ्यातही. तापीच्या डोहात पोहलेला माणूससुद्धा एकदम उडी मारेल तर श्वास अडकेल. काठाकाठानं, आधी पाय, मग अंग भिजवून उतरा. आणि काठावर नारिंगी दिवे लावलेले आहेत, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. दिवा मिनिटाला 40 वेळा लुकलुकत असेल तर वारा सुटण्याची शक्यता आहे, सावध राहा. 90 वेळा लुकलुकत असेल तर वादळ आलंच, पाण्यातून लगेच बाहेर. डोंगरावरून फ्योन नावाचा गरम वारा खाली येतो, तो सांगून येत नाही.

पास, बोट आणि गीसबाख

आधी पास घ्या आणि मग हिशेब करत बसू नका. स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 आणि 15 दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस, तळ्यावरची बोट आणि पाचशेच्या वर संग्रहालयं येतात. डोंगरावरच्या बहुतेक गाड्यांना निम्मं तिकीट. सोळा वर्षांखालची मुलं आईवडिलांबरोबर फुकट, पण त्यासाठी फॅमिली कार्ड पास घेतानाच मागून घ्या. ज्यांना याच भागात राहायचं आहे त्यांनी बर्नीज ओबरलँडचा प्रादेशिक पासही बघावा आणि दोन्हींची बेरीज मांडावी. एक फ्रँक म्हणजे आपले शंभराच्या वर रुपये, तेव्हा ही बेरीज घरी बसूनच करा. आणि तिथं युरो नाही, फ्रँक चालतो.

पहिल्या दिवशी कुठंही धावू नका. विमानाचा शीण असतो. बोटीनं नुसते इंटरलाकेनपर्यंत जा, सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि रेल्वेनं परत या. तळ्याचा नकाशा डोक्यात बसतो. वेळ जुळली तर लोचबर्ग नावाची वाफेची बोट मिळेल, 1914 सालची. मधल्या भागात वरून खाली डोकावलं की इंजिन चालताना दिसतं, तेल घातलेले दांडे वर-खाली होतात. मी निम्मा वेळ तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी गीसबाख. ब्रिएंत्सहून बोट समोरच्या काठावर थोड्याच वेळात पोचवते. धक्क्यापासून वर हॉटेलपर्यंत दोरानं ओढली जाणारी छोटी गाडी आहे, 1879 सालची. हिची गंमत अशी की एकाच रुळावर दोन डबे, एका दोराला बांधलेले. पूर्वी वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड होऊन खाली यायचा आणि खालचा डबा आपोआप वर जायचा. विहिरीवरच्या मोटेचंच तत्त्व, बैल मात्र नाहीत. मधोमध रूळ फाकतो आणि दोन्ही डबे एकमेकांना वाट देतात. त्या जागी मान बाहेर काढून नाही, पण नीट बघा.

धबधबा चौदा टप्प्यांनी सुमारे 500 मीटर उतरतो. एका ठिकाणी पाण्याच्या मागून पायवाट जाते, पाणी समोरून पडदा धरल्यासारखं पडतं. सौ. तिथं चप्पल घालून आल्या होत्या; दगड शेवाळलेले, त्यांना हात धरून न्यावं लागलं. बूट घालूनच जा. शेजारचं जुनं हॉटेल पाडून तिथं नवी काँक्रिटची इमारत होणार होती. फ्रान्झ वेबर नावाच्या पर्यावरणवाल्या माणसानं 1983 साली लोकांकडून वर्गणी गोळा करून ते विकत घेऊन वाचवलं. आत राहणं आपल्या खिशाचं काम नाही, पण ओट्यावर बसून एक कॉफी घ्या.

पायात जोर असेल तर गीसबाखहून इझेल्टवाल्डपर्यंत काठाकाठानं चाला, दीड तासाची सपाटशी वाट, झाडाखालून. परतीची शेवटची बोट किती वाजता ते धक्क्यावरच्या पाटीवर आधी बघून घ्या. इझेल्टवाल्डचा लाकडी धक्का एका कोरियन मालिकेत दिसला आणि आता तिथं फोटोला उभं राहायचे पाच फ्रँक घेतात. मी दिले नाहीत. चार पावलं बाजूला गेलं की तेच तळं, तोच डोंगर.

वाफेची गाडी

ब्रिएंत्स स्टेशनच्या समोरूनच रोटहॉर्न डोंगराची गाडी सुटते. 1892 साली सुरू झाली, 7.6 किलोमीटरात 1,678 मीटर चढते, आणि आजही वाफेवर. इंजिन मागे, डबे पुढे, म्हणजे इंजिन खालून ढकलत नेतं. सपाटीवर उभं असलेलं इंजिन पाहिलं तर बॉयलर नाक खाली घालून वाकडं बसवल्यासारखं दिसतं. ते मुद्दाम तसं आहे. चढावर गेलं की बॉयलर समपातळीत येतो आणि आतलं पाणी नळ्यांवर सारखं राहतं. ओळंबा-पाणसळ घेऊन काम करणाऱ्या माणसाला ते बघूनच समाधान वाटतं. अर्ध्या वाटेवर प्लानाल्पला इंजिन पाणी पिऊन घेतं, तेव्हा खाली उतरून बघा.

जागा आदल्या दिवशी आरक्षित करा, पण तिकिटाला पैसे टाकण्याआधी सकाळी वरचं हवामान बघा. वर कॅमेरा लावलेला असतो, मोबाइलवर दिसतो. खाली ऊन आणि वर ढग असं नेहमी होतं. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे गावात वीस असेल तर वर नऊ-दहा. स्वेटर आणि कानटोपी पिशवीत असू द्या. हवा स्वच्छ असेल तर वरून आयगर, म्योंख, युंगफ्राउ हे तिन्ही बर्फाचे डोंगर समोर आणि खाली ते हिरवं-निळं तळं. लोक विचारतात, युंगफ्राउयोखला गेलात का? ती गाडीही मोठं काम आहे, 1912 साली डोंगर पोखरून 3,454 मीटरपर्यंत नेली. बर्फात उभं राहायचंच असेल तर जा. पण पैसा एकाच गाडीचा असेल तर मी रोटहॉर्न सांगेन.

लाकडाचा दिवस

हा दिवस मी माझ्यासाठी ठेवला होता, पण तुम्ही सुतार नसलात तरी ठेवा.

ब्रिएंत्सची लाकूड-कोरणी दुष्काळातून आली. 1815 साली इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, आकाश राखेनं झाकलं आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली. त्या काळात क्रिस्टियान फिशर नावाचा इथला कातारी लाकडाच्या वस्तू कोरून धबधबा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना विकू लागला. त्याचं बघून गाव शिकलं. 1884 मध्ये शाळा निघाली, ती अजून आहे, चार वर्षांचं शिक्षण. 1944 मध्ये व्हायोलिन बनवायची शाळाही इथंच निघाली. पोटासाठी उचललेली पटाशी शाळेपर्यंत गेली, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे खान्देशात जुन्या वाड्यांचे कोरीव खांब आणि चौकटी भंगाराच्या भावानं जातात, आणि त्या कोणी कोरल्या त्यांची नावंही उरलेली नाहीत.

आधी ब्रुनगासे या गल्लीत जा. गल्ली छोटी, उताराची, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं, उन्हानं काळीतांबूस झालेली, खिडक्यांत लाल फुलं. दाराच्या वरच्या पट्ट्या, सज्जाचे कठडे, वाशांची टोकं, सगळीकडे कोरीव काम. लोक राहतात तिथं, त्यामुळे खिडकीत डोकावू नका, मोठ्यानं बोलू नका. मग मुख्य रस्त्यावरचं कोरीव कामाचं संग्रहालय, तिथली अस्वलं बघा. त्या अस्वलांच्या अंगावरचा एकेक केस वेगळ्या टवक्यानं काढलेला आहे.

त्याच रस्त्यावर एका कारखान्याच्या काचेआड एक बाई काम करत होत्या. मी बाहेर दहा मिनिटं उभा. त्यांनी मान वर केली, मी माझे तळहात दाखवले, घट्टे बघून त्या हसल्या आणि आत बोलावलं. भाषा एकमेकांची येत नव्हती. टेबलावर तीस-चाळीस गोल पटाश्या ओळीनं ठेवलेल्या, सगळ्यांची धार त्यांच्याकडे आणि मुठी पलीकडे. आम्ही उलटं ठेवतो, मूठ आपल्याकडे. त्यांचं का बरोबर ते तेव्हाच कळलं: धारेचा गोलावा समोर दिसतो, हवी ती पटाशी नजरेनंच उचलता येते. लाकूड लिंडेनचं. त्यांनी एक तुकडा शिकंज्यात धरून माझ्या हातात पटाशी दिली. आमचा हात सागाला सवयीचा, सागात तेल असतं, धार थोडी अडखळत जाते. लिंडेन मात्र उकडलेल्या बटाट्यासारखं कापलं गेलं, आडवं कापा, उभं कापा, टवका सुटा आणि कडा स्वच्छ. बारीक नाक-डोळे कोरायला हेच लाकूड का, ते एका टवक्यात समजलं. मी मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, मागितली तर त्यांनी मान हलवली आणि तळव्यानं ढकलून दाखवलं. छाती, खांदा आणि मग मनगट. मी तीन टवके काढले. त्यांनी तिसरा उचलून उजेडात धरला आणि अंगठा वर केला. तो टवका माझ्या पाकिटात आहे.

पाहुण्यांना स्वतः छोटी गाय कोरायला देतात अशी कार्यशाळाही गावात असते; नाव आधी नोंदवा. लाकडी रंगीत गाई घ्यायच्या असतील तर शेजारच्या होफस्टेटनमध्ये त्या बनतात. नातवासाठी नेली तर प्लॅस्टिकच्या दहा खेळण्यांपेक्षा जास्त टिकेल.

दुपारनंतर, किंवा दुसरा अख्खा दिवस मिळाला तर फारच उत्तम, बालेनबर्ग. स्टेशनवरून बस जाते. 1978 साली सुरू झालेलं हे उघड्यावरचं संग्रहालय 66 हेक्टरमध्ये पसरलेलं आहे आणि एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर उघडं असतं. देशभरातली शंभराच्या वर जुनी घरं, जी पाडली जाणार होती, ती एकेक तुळई सोडवून, नंबर घालून इथं आणून परत उभी केली आहेत. ओंडके कोपऱ्यात खाचेत खाच बसवून रचलेले. आमच्याकडच्या धाब्याच्या घरात सागाच्या सऱ्या, वर किलचण आणि त्यावर खारी माती. त्यांच्याकडे लाकडाच्या फळकुट्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड. आत चूल पेटलेली असते, कोणी पाव भाजतं, कोणी टोपली विणतं. धुराचा वास आला आणि मला आजीचं घर आठवलं. कोपऱ्यातल्या खाचा बोट घालून बघा, त्यासाठीच जायचं.

जेवण आणि तिथले रिवाज

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्या. बाहेर साधं जेवणसुद्धा दोघांचं पाच-सहा हजार रुपयांत जातं. शेगडी बहुतेक काचेची असते, तेव्हा सपाट बुडाचा, इंडक्शनला चालणारा लहान कुकर न्या. तूरडाळ, तांदूळ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, पापड नेलं. तूप, पेढे, मांस यातलं काही नेऊ नका. भारतातून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ताज्या भाज्या आणि फळांनाही प्रमाणपत्राशिवाय बंदी आहे, म्हणून भरताची वांगी घरीच ठेवा. केळीला मात्र सूट आहे. जळगावचं केळं झुरिकला चालतं, हे ऐकून आमच्या रावेरच्या मेहुण्याला फार बरं वाटलं.

फोडणी देताना खिडकी उघडा आणि वरचा पंखा लावा, नाहीतर छतावरचा धुराचा भोंगा वाजेल. आमचा मिरचीच्या फोडणीला वाजला, खालच्या मजल्यावरची आजी वर आली. तिला फौजदारी डाळ वाटीत दिली, तिनं सकाळी वाटी धुऊन त्यात सफरचंदं घालून पाठवली.

मिग्रोस आणि कोऑप ही किराण्याची दुकानं. रविवारी बंद, फक्त मोठ्या स्टेशनांवरची उघडी. आम्ही उतरलो तो नेमका रविवार, रात्री घरून आणलेल्या तिखट पुऱ्यांवरच भागलं. त्यामुळे पोचण्याचा वार बघा. शाकाहारी माणसानं “ओने फ्लाईश” हे दोन शब्द पाठ करावेत, म्हणजे मांस नको. रोस्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच, पण त्यात कधीकधी डुकराचे तुकडे असतात, विचारून घ्या. नळाचं पाणी प्या, रस्त्यावरच्या कारंज्यांचंही, जिथं “काइन ट्रिंकवासर” लिहिलं असेल ते सोडून. बाटली विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

चार्जरची बारीक दोन पिनांची पिन तिथं बसते, आपली जाड तीन पिनांची नाही, अडॅप्टर घ्या. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी ठोकाठोक किंवा कपडे धुण्याचं मशीन नको. दुकानात शिरताना, वाटेत भेटताना “ग्रुएसेख” म्हणा. झुरिकचं “ग्रुएत्सी” सगळ्यांना माहीत असतं, पण ब्रिएंत्स बर्न कँटनमध्ये येतं आणि त्यांचं त्यांना म्हटलं की चेहरा खुलतो. आभाराला “मेर्सी” चालतं.

पावसाचं मात्र हलकं घेऊ नका. 31 ऑगस्ट 2021 ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात तितूर-डोंगरीचं पाणी शिरलं, ते आपण पाहिलंय. ब्रिएंत्सचंही तसंच आहे, गाव सरळ उभ्या डोंगराच्या पायथ्याशी. ऑगस्ट 2005 मध्ये ग्लिसीबाख ओढ्यानं दोन जीव घेतले. 12 ऑगस्ट 2024 ला मिलीबाख ओढ्यातून दगड-चिखलाचा लोंढा गावात आला, घरांचं आणि रेल्वेचं नुकसान झालं. जाण्याआधी रोटहॉर्नची गाडी चालू आहे ना ते पक्कं करा, आणि डोंगरावर गडगडाट असताना ओढ्याच्या काठी फोटो काढत थांबू नका. अडचणीत 112, अँब्युलन्सला 144.

परतताना कोरलेली वस्तू कपड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत शिंगं आणि कान मोडतात; पटाशी किंवा चाकू विकत घेतला असेल तर तो उलट मोठ्या बॅगेतच. आणि ब्रिएंत्स स्टेशनवर लुझर्नच्या गाडीत चढताना पुन्हा उजवीकडचीच खिडकी. मायरिंगेनला गाडी उलटी फिरेल, खिडकी डावीकडे येईल, आणि लुंगर्नचं तळं खाली दिसायला लागेल.